नवरा-बायको डबल ड्रायव्हर: गाडी घ्यायच्या आधी हे बघा

[समोर कॅमेरा. मागे तावडे हॉटेलजवळचा हायवे, गाड्यांचा आवाज थोडा राहू द्यावा.]

नमस्कार मंडळी. मागे दिसतोय तो एनएच 48. दिल्लीहून निघतो, जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे करत आपल्या कोल्हापूरच्या दारातून पुढे बेंगळुरू आणि थेट चेन्नईला जातो. या रस्त्यावर एक्स्प्रेस मालाच्या गाड्यांवर डबल ड्रायव्हर असतात. एक चालवतो, दुसरा मागच्या बर्थवर झोपतो, गाडी फक्त डिझेल, जेवण आणि ड्रायव्हर बदलायला थांबते. ही जोडी नवरा-बायकोची असेल तर काय काय बघायचं, हा आजचा विषय.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, गाडी कुठली घेऊ? गाडीचं राहू द्या हो. आधी दोन गोष्टी जमल्या पाहिजेत. वहिनींचं लायसन्स, आणि चालत्या गाडीत दोघांनाही लागणारी झोप. दुसरी जास्त अवघड आहे.

लायसन्सपासून धरू. ट्रान्सपोर्टचं लायसन्स काढायला वय 20 पूर्ण लागतं, आणि साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स मिळून किमान एक वर्ष झालेलं लागतं. म्हणजे वहिनींकडे आज कारचंही लायसन्स नसेल, तर मोठ्या गाडीचं लर्निंग निघायलाच वर्षाच्या वर जाणार. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली, त्यामुळे शाळा लवकर सुटली म्हणून कुणी मागे राहू नका. डॉक्टरांचा फॉर्म 1-ए आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5 लागतो. मान्यताप्राप्त केंद्रातला जड वाहनाचा कोर्स 38 तासांचा, सहा आठवड्यांत होतो. तो खरोखर पूर्ण करा. फॉर्म 5 वर नुसता शिक्का मारून घेतला तर टेस्ट निघेलही, पण भरलेली गाडी रिव्हर्स घेऊन डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या फलाटाला, लावताना सगळं उघडं पडतं.

त्या मधल्या वर्षाचं काय करायचं? ते वाया जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केलंय की 7,500 किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. तेव्हा आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, एकूण वजन बघा आणि त्या आतली छोटी गाडी घेऊन शिरोली ते गोकुळ शिरगाव, कागल ते इचलकरंजी अशा स्थानिक खेपा मारा. आरशात बघून रिव्हर्स घेणं, ताडपत्री बांधणं, बिल्टी (मालाची पावती) वाचणं, गेटवर बोलणं, सगळं तिथंच शिकून होतं.

[क्लोजअप: विमा पॉलिसीचं पान]

आता जे कुणी सांगत नाही ते. लायसन्स नसताना बायको शेजारी बसून आली, तर विम्याच्या भाषेत ती मालगाडीतली फुकट प्रवासी. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोडला तर अशा प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात हे स्पष्ट केलंय. "सोबत असू दे, हळूहळू शिकेल" म्हणून तिला लांब पल्ल्यावर नेऊ नका.

लायसन्स आल्यावरही एक खाच आहे. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हर आरसीवर ज्याचं नाव त्यालाच मिळतं, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच. गाडी दादांच्या नावावर आणि स्टिअरिंगवर वहिनी, तर त्या कव्हरमध्ये वहिनी बसत नाहीत. म्हणून त्यांना ड्रायव्हर म्हणून नेमल्याचं पत्र करा, पगार बँकेतून द्या, पॉलिसीत पेड ड्रायव्हरचा जादा हप्ता भरा. मालकाच्या बायकोला पगारी ड्रायव्हर धरणार का, हे विमा कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. एजंटच्या तोंडी "होतंय की" ला काही अर्थ नाही. शिवाय दोघांची स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा आणि त्यात व्यवसायाच्या रकान्यात ट्रक ड्रायव्हर असंच लिहा. गृहिणी लिहून दोन पैसे वाचतील, क्लेम मात्र अडकेल.

[केबिनच्या आत. कॅमेरा बर्थवर.]

हा बर्थ. तुमच्या धंद्याचा अर्धा पैसा इथं कमावला जातो, कारण इथला माणूस झोपला नाही तर पुढच्या पाच तासांनी गाडी उभी करावी लागते. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनआधी इथं आडवे व्हा. पाय सरळ होतात का बघा. गादी चार इंची तरी हवी, नाहीतर पत्र्याचा प्रत्येक धक्का कमरेत. सीट आणि बर्थच्या मध्ये जाड, गडद पडदा लावा. त्याने समोरच्या गाड्यांचा उजेड झोपणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही, आणि आतला मोबाईलचा उजेड काचेत दिसून चालवणाऱ्याला त्रास देत नाही. बर्थला पट्टा किंवा जाळी नसेल तर बसवून घ्या. आणि जॅक, टॉमी (चाकाची लोखंडी पहार), शेगडी, पाण्याचा कॅन यातलं काहीही बर्थवर किंवा वरच्या फळीवर नको. ब्रेक लागला की ते झोपलेल्याच्या डोक्यात येतं.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. पण इंजिन बंद झालं की एसीही बंद, आणि नुसतं इंजिन चालू ठेवलं तर तासाला दोनेक लिटर डिझेल जातं. म्हणून 24 व्होल्टवर चालणारा छोटा पंखा लावा. कारचा 12 व्होल्टचा पंखा थेट जोडला तर जळतो. स्वयंपाक बंद केबिनमध्ये कधीच नाही, पाऊस असला तरी नाही. शेगडीचा धूर नाही दिसला तरी कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि झोपलेल्याला कळतही नाही.

आता पाळ्या. आमच्या मते नव्या जोडीला पाच-पाच तास बरे. चारचे केले तर जेवण, बाथरूम आणि बदली धरून झोप तीन तासांवर येते. सहाचे केले तर चालवणारा शेवटच्या तासात ढेपाळतो. पगारी ड्रायव्हरसाठी 1961 च्या मोटार कामगार कायद्यानेही दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असंच घालून दिलं होतं. गाडी स्वतःची असली म्हणून शरीर वेगळं चालत नाही.

[स्क्रीनवर नकाशा: कोल्हापूर ते चेन्नई]

उदाहरण घ्या. शिरोली एमआयडीसीत कास्टिंग भरलं, चेन्नईला द्यायचंय, अंतर साधारण 950 किलोमीटर. निघायचं संध्याकाळी सहाला. भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी 45 धरा, त्यापेक्षा जास्त धरून हिशेब करू नका. सहा ते अकरा दादा, गाडी हुबळीच्या आसपास. अकरा ते चार वहिनी, गाडी चित्रदुर्गच्या पुढे. चार ते नऊ परत दादा. अशाने दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत चेन्नई येतं. एकट्याला दोन मुक्काम लागले असते.

पण यात एक चूक हमखास होते. दुपारी माल भरताना दोघंही उभे असतात. एक चिठ्ठी बघतो, एक ताडपत्री बघते, आणि अकराला बसणारीचा डोळा दिवसभर लागलेला नसतो. भरणा चालू असताना रात्रीचा ड्रायव्हर झोपलेलाच पाहिजे. गेटवरचे लोक काय म्हणतील म्हणून उठून बसू नका.

रात्री दोन ते पाच सगळ्यात वाईट. ज्याला मुळात उशिरा झोपायची सवय आहे त्याला ती पाळी द्या आणि रोज अदलाबदल करू नका. चहा-कॉफी पाळी संपायच्या दोन-तीन तास आधी बंद, कारण तिचा अंमल बराच वेळ राहतो आणि मग बर्थवर नुसतं पडून राहावं लागतं. आणि एक नियम लग्नाच्या वर ठेवा. चालवणाऱ्याने "झोप येतेय" म्हटलं की दुसऱ्याने प्रश्न न विचारता उठायचं. दोघांनाही येत असेल तर गाडी पंपावर उभी, पार्टीला (मालवाल्याला) फोन, बास.

[पंपावर. टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरताना.]

बदली कशी करायची ते नीट बघा. हायवेच्या कडेला नाही, उजेडाच्या पंपावर. झोपलेल्याला वीस मिनिटं आधी उठवा. डोळे उघडले म्हणजे माणूस जागा झाला असं नाही, तोंड धुऊन चार पावलं टाकल्याशिवाय स्टिअरिंग नको. मग नवीन ड्रायव्हर टॉमी घेऊन एक फेरी मारतो. जोड टायर ठोकून बघा. हवा असलेला टायर टणक आवाज देतो, बसलेला भद्द वाजतो, आणि आतला टायर बसलाय हे नुसतं बघून कळत नाही. हाताची मागची बाजू हबजवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग जातंय, तसंच पुढे गेलात तर आगीचा धोका आहे. दोर सैल झाला का, युरियाची (इंजिनाचा धूर साफ करणाऱ्या द्रवाची) पातळी किती, हवेच्या प्रेशरचा काटा पूर्ण चढला का, हे बघा. मग सीट. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. दादा सहा फुटी आणि वहिनी पाच फुटी असतील तर सीट आणि तिन्ही आरसे प्रत्येक बदलीला बदलावेच लागतात. कंटाळा येतो, करा.

उतरणाऱ्याने चार वाक्यं सांगायची. ब्रेक कसे लागतायत, डिझेल शेवटचं कुठं भरलं, फास्टॅगमध्ये किती आहेत, पार्टीचा फोन आला का. घरची बोलणी तेव्हा नकोत.

घाटाचं थोडक्यात. पुण्याकडे जाताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलात की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला लोक तिथं न्यूट्रल करतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ऐन गर्दीत ब्रेक लागत नाहीत. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) चालू ठेवून.

आता भाड्याचं. डबल ड्रायव्हर सगळ्या मालाला परवडत नाही. ऊस वाहतुकीत तर दोघांनी मिळून एकाच रांगेत बसायचं. मार्केट यार्डातून गुजरातला जाणाऱ्या गुळाला एक दिवसाची घाई क्वचितच असते, त्याचे जादा पैसे कोण देणार? पुणे 230 किलोमीटर, तिथं एकटा माणूस रात्रीत पोचतो. जोडीचा फायदा एका बाजूने 800 किलोमीटरच्या वर, आणि वेळेचे पैसे देणाऱ्या मालात आहे. कुरिअर-पार्सल, ई-कॉमर्स, वाहन कारखान्यांना वेळेवर लागणारे सुटे भाग. तरी परतीचं भाडं आधी ठरवा. चेन्नईत दोन दिवस रिकामे बसलात तर रात्रभर जागून वाचवलेला वेळ तिथंच गेला.

ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे चेन्नईला पाच दिवस मिळतात. जोडीला ती पुरून उरते. पण रस्त्यात गाडी बदलली तर त्यात नवा नंबर भरून घ्या. जादा माल घालू नका. ओव्हरलोडला कायद्यात 20,000 रुपये आणि वर प्रत्येक टनाला 2,000 असा दंड आहे, एका दंडात ट्रिपची कमाई साफ.

कारखान्याच्या गेटवर "बाई आत चालणार नाही, फॅमिलीला बाहेर उतरवा" हे ऐकायची तयारी ठेवा. गेट पासवर आधीच दोन ड्रायव्हर, दोघांचे लायसन्स नंबर असं ट्रान्सपोर्टरकडून कळवून घ्या. वहिनींच्या पायात सेफ्टी शूज, डोक्यावर हेल्मेट, अंगात रिफ्लेक्टर जॅकेट असलं की वाद बराच कमी होतो. पंपावर स्वच्छतागृह, पाणी आणि मोफत हवा देणं पंपचालकावर बंधनकारक आहे. कुलूप असेल तर चावी मागा, लाजू नका. बाथरूम मिळणार नाही म्हणून पाणी कमी पिणं हा या कामातला सगळ्यात महागडा उपाय आहे, मूतखडा आणि लघवीचं इन्फेक्शन त्यातूनच येतं. बदलीची जागा ठरवतानाच चांगलं स्वच्छतागृह असलेला पंप धरा.

आणि सुरुवात कर्ज काढून नको. आधी एखाद्या ट्रान्सपोर्टरकडे डबल ड्रायव्हर म्हणून लागा, तीन-चार महिने. चालत्या गाडीत झोप लागते का, आई-आजीकडे मुलं राहतात का, हे दुसऱ्याच्या हप्त्यावर कळतं. फक्त कामाला लागताना "जोडीचा पगार" म्हणून एकच रक्कम दादांच्या खात्यावर घेऊ नका. दोन नेमणूक पत्रं, दोन खाती, दोन पगार. उद्या बँकेत गाडीच्या कर्जाला बसलात, तर वहिनींचं उत्पन्न आणि अनुभव कागदावर असेल तरच तो धरला जाईल.