डेअरडेव्हिल ऐकताना

(इंदूरच्या एका मराठी वाचक मंडळात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज आहे तसाच ठेवलाय.)

नमस्कार मंडळी. विषय पत्रिकेत छापलाय तोच, कॉमिक्सवरून आलेली डेअरडेव्हिल ही मालिका आणि कागदावरून पडद्यावर येताना तिचं काय काय झालं. पुढच्या रांगेतली मुलं ती पाठ करून आलीयेत आणि मागे बसलेल्या बऱ्याच जणांना नातवंडांनी हाताला धरून आणलंय, तेव्हा दोघांनाही पुरेल एवढी गोष्ट आधी सांगून टाकतो. न्यूयॉर्कमधल्या हेल्स किचन भागातला मॅट मर्डॉक नावाचा मुलगा, एका म्हाताऱ्याला ट्रकसमोरून ढकलून वाचवतो, ट्रकमधलं रसायन याच्याच डोळ्यांत जातं, दृष्टी जाते आणि कान, नाक, स्पर्श सगळं भलतंच तीव्र होऊन बसतं. वडील बॉक्सर, पैसे घेऊन मॅच हरायची होती, ते जिंकतात आणि मारले जातात. पोरगा वकील होतो, दिवसा फॉगी नेल्सन या मित्राबरोबर गरिबांच्या केसेस लढतो आणि रात्री डोळ्यांवरून काळं फडकं बांधून गुंडांना बडवतो. कॉमिक १९६४ चं, स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांचं. मालिका २०१५ ची, नेटफ्लिक्सवर तेरा-तेरा भागांचे तीन सीझन झाले, २०१८ मध्ये बंद केली, आणि २०२५ मध्ये डिस्नेनं 'बॉर्न अगेन' म्हणून परत आणली, चार्ली कॉक्सच हिरो आणि समोर खलनायक फिस्क म्हणून तोच व्हिन्सेंट डिऑनोफ्रिओ.

झाली गोष्ट. आता माझं म्हणणं. ही मालिका चांगली का झाली याचं उत्तर लोक मारामारीत शोधतात, कॅमेऱ्यात शोधतात, मी म्हणतो ती कानांसाठी बनवलीये म्हणून चांगली झालीये, आणि हे मला कुणा समीक्षकानं सांगितलेलं नाही, माझ्या मामांनी दाखवून दिलंय. मामांकडे येतोच, त्याआधी एक तारीख ऐका.

१० एप्रिल २०१५ ला पहिला सीझन अख्खा एकदम आला. हिरो आंधळा, पोस्टरवर आंधळा, जाहिरातीत आंधळा, आणि त्या दिवशी आंधळ्या प्रेक्षकाला ती मालिका नीट बघायची सोयच नव्हती! अमेरिकेतले दृष्टिहीन प्रेक्षक आधीपासून नेटफ्लिक्सच्या मागे लागलेलेच होते, ऑडिओ डिस्क्रिप्शन द्या म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक आवाज सांगत जातो, दार उघडतं, तो काठी घडी करतो, ती मान वळवते, असं. आता तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उदाहरण होतं. चारच दिवसांत, १४ एप्रिलला, नेटफ्लिक्सनं जाहीर केलं की आम्ही ऑडिओ डिस्क्रिप्शन सुरू करतोय आणि सुरुवात डेअरडेव्हिलपासून. आज तुमच्या टीव्हीवर भाषेच्या यादीत इंग्लिशच्या खाली जी एक जास्तीची ओळ दिसते ना, तिची नेटफ्लिक्सवरची सुरुवात या मालिकेनं झाली. कुठल्याही सुपरहिरोनं पडद्यावर जेवढी माणसं वाचवली असतील ती असोत, पण पडद्याबाहेर खरोखरच्या लोकांच्या उपयोगी पडलेला हा एक मला ठाऊक आहे.

आता मामा. अण्णामामा, रामबागेत घर, मिलच्या अकाउंट्समध्ये नोकरी, काचबिंदूनं हळूहळू करत दोन्ही डोळे गेले. पण टीव्हीची हौस दांडगी, आणि घरात आम्हा भाचरांची ड्यूटी लागायची, आज मामांजवळ कोण बसणार आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगणार. आम्ही पोरं काय सांगणार, "मारलं! आणखी एक मारली! पडला!" एवढंच. मामी बसल्या तर वेगळंच, त्या साडीचा रंग, काठ, कानातलं, मागचा सोफा, सगळं सांगायच्या आणि तेवढ्यात खून होऊन जायचा. मामा म्हणायचे, "अगं, कुणी कुणाला मारलं ते सांग, साडी उद्या बघू." शक्तिमानचं मात्र त्यांना काही सांगावं लागायचं नाही, तो गरगर फिरला की आवाज यायचा, झालं, आता मार बसणार हे कळायचं. (हशा) हसताय, पण तो आवाज ज्यानं कुणी केला त्यानं मामांची मोठी सोय केली होती हो. पुढे रोजच्या सासू-सुनांच्या मालिका आल्या, त्यात ढॅण ढॅण ढॅण वाजायचं आणि मामा विचारायचे आता काय झालं, तर आम्ही सांगायचो, काही नाही, सगळे एकमेकांकडे बघतायत. पुन्हा ढॅण. आता? अजून बघतायत. मामांनी त्या मालिका सोडून दिल्या, आणि मला आजही वाटतं की तो निकाल अगदी बरोबर होता, कारण ज्या नाटकात डोळे मिटल्यावर काहीच घडत नाही त्यात डोळे उघडे ठेवूनही फारसं घडत नसतं.

तर डेअरडेव्हिल आली तेव्हा मामा म्हातारे झालेले, मी लॅपटॉपला एक छोटा स्पीकर जोडला आणि डिस्क्रिप्शन लावून दिलं. इंग्रजी त्यांना चांगलं यायचं. पहिल्या भागात खुनाचा आळ आलेल्या त्या केरन पेजला मॅट विचारतो आणि तिच्या छातीचे ठोके ऐकून ठरवतो की ही खरं बोलतेय, तिथेच मामा सावरून बसले. मग दुसरा भाग. त्याच्या शेवटी तो प्रसिद्ध कॉरिडॉर आहे, बघितलाय ना सगळ्यांनी? रशियन गुंडांनी एका लहान मुलाला पळवून नेऊन ठेवलंय, मॅट आधीच जखमी आहे, उभं राहता येत नाहीये, आणि तो त्या लांबट बोळात शिरतो, दोन्हीकडे खोल्या. पुढची जवळपास तीन मिनिटं सलग एकच शॉट. कॅमेरा बोळातच राहतो. मारामारी खोलीत गेली तरी कॅमेरा आत जात नाही, आपण बाहेर उभे, आतून आदळआपट ऐकू येते, आणि मध्येच दारातून एक मायक्रोवेव्ह उडत बाहेर येतो. संगीत अगदी मागे. ऐकू येतं ते काय, बुटांचं घासणं, भिंतीवर आदळणारं अंग, आणि धाप. सगळ्यात जास्त धाप. गुंड पडतात आणि परत उठतात, हाही भिंतीला टेकतो, श्वास घेतो, परत जातो.

मामा म्हणाले थांब. मागे घे. आणि ती बाई बंद कर, म्हणजे डिस्क्रिप्शनचा आवाज. नुसतं ऐकायचंय. मी परत लावलं. ते हात वर करून दाखवत गेले, आता उजवीकडच्या खोलीत गेले, आवाज कोंडला बघ. आता बाहेर आले. हा जो आत्ता पडला तो उठणार, त्याचा श्वास चालू आहे. आणि मग म्हणाले, "हा दमलाय रे. शक्तिमान कधी दमला नाही." मी तो सीन त्याआधी डोळ्यांनी बघितलेला होता, आणि मला दिसलं होतं की कॅमेरा खोलीत जात नाही, पण का जात नाही हे कळलं नव्हतं. दिग्दर्शकानं आपल्याला मॅटच्या जागी नेऊन ठेवलंय, भिंतीपलीकडचं फक्त ऐकून समजून घ्यायचं. हे कळायला मामा लागले.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली का? नाही, अजून नाही, बरं. मग माझी तक्रारही ऐकून घ्या. मामांना मालिका आवडली पण मामींना इंग्रजी डिस्क्रिप्शन समजेना, त्यांनाही आता डोळ्यांचा त्रास सुरू झालेला, म्हणून मी एका स्ट्रीमिंग कंपनीच्या कस्टमर केअरला विचारलं की हिंदीत किंवा मराठीत डिस्क्रिप्शन मिळेल का. कंपनीचं नाव घेत नाही. तिकडून उत्तर आलं, सर, आपण हिंदी सबटायटल सुरू करा. मी सांगितलं, बाबा, त्यांना दिसत नाही. मग उत्तर आलं, सर, सबटायटलचा फॉन्ट मोठा करता येतो. मंडळी, मला त्या मुलाचा राग नाही आला, त्याच्यासमोरच्या कागदावर दुसरं उत्तरच नव्हतं, राग येतो तो कागद लिहिणाऱ्याचा. आपल्याकडे कायदा आहे! दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, त्याचं कलम ४२ काढून बघा, त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन हे स्पष्ट लिहिलंय. थिएटरमधल्या सिनेमांसाठी माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आणि तरी मराठी घरात संध्याकाळी मराठी मालिका लागते तेव्हा मामांच्या शेजारी एक भाचा बसवावाच लागतो.

कुणीतरी तिकडून 'संजय' म्हणालं. हो, संजय आहेच, पण तो सगळेच सांगतात, मी इंदूरचं सांगतो. ज्या गावानं सुशील दोशी दिले त्या गावाला हे काम अवघड का वाटावं? पद्मश्री मिळाली त्यांना २०१६ मध्ये, हिंदी कॉमेंट्रीसाठी. रेडिओला कान लावून अख्खा देश मॅच बघायचा, बॉलर कुठून धावला, फिल्डर कुठे उभा, बॉल कुठे गेला, सगळं दिसायचं. इथलं आकाशवाणी केंद्र १९५५ पासून आहे, मालवा हाऊसच्या श्रुतिका ऐकत वाढलेली माणसं या हॉलमध्ये बसलीयेत. नुसत्या आवाजावर माणूस, खोली, पाऊस उभा करायची विद्या आपल्याकडे होतीच की भिया, ती टीव्ही आला म्हणून माळ्यावर टाकली आपण. आणि डिस्क्रिप्शन लिहिणं सोपं नाही हां, कॉमेंट्रीसारखं सतत बोलून चालत नाही, संवादावर पाय द्यायचा नाही, "तो दुःखी आहे" असं म्हणायचं नाही, तो कागद चुरगाळतो एवढंच सांगायचं, दुःख ऐकणारा ठरवेल. आणि त्या कॉरिडॉरसारख्या ठिकाणी योग्य क्षणी गप्प बसता आलं पाहिजे, कारण धाप झाकली तर सीनच गेला.

आली चिठ्ठी. सात मिनिटं म्हणतायत. आणि पत्रिकेतला विषय अजून उरलाय, तर पटापट सांगतो, टिपणं घेणाऱ्यांनी हात चालवा.

पहिलं, ऐकणं कागदावर काढायचं कसं. कॉमिक म्हणजे मुकं माध्यम आणि हिरो कानावर जगणारा, म्हणून चित्रकारांनी मॅटच्या डोक्याभोवती गोल गोल लाटा काढल्या, छातीचे ठोके अक्षरांत लिहिले. २००३ च्या सिनेमानं त्या लाटांचंच ग्राफिक केलं, निळसर पाऊस, चेहरा उमटतो, दिसायला सुंदर, पण त्यात आंधळा माणूस परत बघायलाच लागतो. मालिकेनं हा मोह आवरला. पहिल्या सीझनमध्ये पाचव्या भागात क्लेअर, म्हणजे त्याच्या जखमा बांधणारी नर्स, तुला काय दिसतं असं विचारते तेव्हा तेवढं एकदा लालभडक जळतं जग दाखवलं, बाकी सगळा भार साऊंडवर. ठोके ऐकवायचे तर आजूबाजूचं सगळं बुडवून फक्त ठोके ठेवले. अक्षरांची जागा ध्वनीनं घेतली, हे खरं रूपांतर.

दुसरं, खलनायक फिस्क, कॉमिकमधलं त्याचं टोपणनाव किंगपिन. हा किंगपिन मुळात स्पायडर-मॅनच्या कॉमिकमधला, १९६७ चा, लेखक-चित्रकार फ्रँक मिलरनं नंतर त्याला डेअरडेव्हिलकडे आणला. कागदावर त्याची दहशत म्हणजे त्याचा आकार, अख्खी चौकट भरून टाकणारं अंग. मालिकेत डिऑनोफ्रिओनं तीच दहशत आवाजात आणली, अडखळत, घशातून, वाक्य मध्येच थांबतं आणि समोरच्याचं रक्त गोठतं. आधी त्याचं नावही कुणी घेत नाही. मामांना तो कसा दिसतो हे कधी विचारावंसं वाटलं नाही. ते पांढरं पेंटिंग, ज्यासमोर तो उभा राहतो, ते मात्र मला त्यांना समजावताना जड गेलं, मग आठव्या भागात फिस्कच्या लहानपणची ती भिंत आणि बापाचा हातोडा आला आणि ते म्हणाले, आता दिसलं.

तिसरं, पोशाख. १९६४ मध्ये पिवळा होता, पुढच्याच वर्षी चित्रकार वॉली वूडनं लाल केला. मालिकेनं बारा भाग काळ्या कपड्यांवर काढले, तो वेश मिलर आणि जॉन रोमिटा ज्युनियरच्या १९९३ च्या कॉमिकवरून घेतलेला, आणि लाल पोशाख थेट तेराव्यात. मुलांना तो क्षण फार आवडतो, माझ्या मते तो भाग सगळ्यात पातळ, कारण पहिल्यांदाच मालिका फक्त डोळ्यांकडे बघून बोलते.

चौथं, तिसऱ्या सीझनचा तुरुंगातला अकरा मिनिटांचा शॉट. त्याच्यावर अर्धा तास हवा, तो नाहीये. एवढंच करा, घरी गेल्यावर तो आधी डोळे मिटून ऐका, मग बघा. आणि चार्ली कॉक्सनं जो स्ट्रेके नावाच्या दृष्टिहीन सल्लागाराकडून शिकून घेतलं होतं, त्यामुळे तो काठी कशी धरतो, वस्तू कशी शोधतो तेही बारकाईनं बघा. एलेक्ट्रा आणि पनिशर ही पात्रं, 'बॉर्न अगेन' राहिलं, ते प्रश्नांत घेऊ.

एक कामाचं सांगतो आणि बसतो. बाहेर चहाच्या टेबलावर एक वही ठेवलीये. ज्यांचा आवाज स्पष्ट आहे आणि ज्यांना संध्याकाळचा तासभर मोकळा असतो त्यांनी नाव आणि वार लिहा, आपल्या ओळखीत ज्यांना दिसत नाही त्यांच्या घरी जाऊन मराठीत सांगत मालिका बघायची, फोनवरूनही जमतं. मामी पहिल्या सीझनच्या चौथ्या भागापर्यंत आल्यात, पुढचा भाग सांगायला शुक्रवारी कुणी येऊ शकेल का तेही लिहा. त्या तिसऱ्या रांगेतल्या ताई केव्हाच्या हात वर करून आहेत, त्यांना माईक द्या.