पान उलटून बघा

(दृश्य: सकाळचं परसदार. कुंडीतलं मिरचीचं रोप. एक हात येतो, रोप हलवतो.)

बघा, नुसता हात लागला आणि रोपातून पीठ उडाल्यासारखं झालं. पांढरे ठिपके क्षणभर हवेत तरंगले आणि पुन्हा पानांखाली जाऊन बसले. ही पांढरी माशी.

हे घर रत्नागिरीजवळचं. मागच्या दारी माड, दोन केळी, एक पेरू, जास्वंद आणि सांडपाण्यावर पोसलेलं अळू. पडवीच्या कठड्यावर कुंड्यांत मिरची, टोमॅटो, भेंडी. कोकणातल्या घरोघरी असतं तेच. ही बाग काकू सांभाळतात. आम्ही चार दिवस त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरलो, आणि त्यातला निम्मा वेळ आम्ही उकिडवे बसून पानांच्या खालच्या बाजूच बघत होतो.

(दृश्य: मिरचीचं पान उलटं. भिंगातून जवळून.)

नाव माशी असलं तरी ही माशी नव्हे. माशीला पंख दोन, हिला चार. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांच्या भावकीतली ही कीड, पानात सोंड खुपसून रस ओढणारी. विदर्भातले संत्रा बागायतदार जिला काळी माशी म्हणतात, तीही याच घराण्यातली.

मिरचीवरची ही जात लहान, जेमतेम एक मिलिमीटरची. पंख घराच्या छपरासारखे उतरते. 1889 साली ग्रीसमध्ये तंबाखूच्या झाडावर सापडली तेव्हा तिची शास्त्रीय नोंद झाली, म्हणून शास्त्रीय नावातही तंबाखू आली, ‘बेमिसिया टॅबॅसी’. आज ती सहाशेहून अधिक प्रकारच्या झाडांवर जगते. कापूस, टोमॅटो, वांगी, भेंडी, पपई, जास्वंद, शिवाय बांधावरचं तण. तेव्हा एकच कुंडी उचलून बाहेर ठेवली आणि प्रश्न मिटला, असं होत नाही.

(दृश्य: माडाची खालची झावळी. पाती उलटी केली जाते. पांढरी वेटोळी.)

आता माडाकडे या. इथे जरा थांबूया, कारण हे दृश्य आम्हालाही नवं होतं.

पातीच्या खालच्या अंगाला कुणीतरी चिमटीनं रांगोळी सोडावी तशी ही वेटोळी. मादी गोल गोल फिरत अंडी घालते आणि त्यांवर मेणाची पूड सोडत जाते. हिला म्हणतात रुगोज चक्राकार पांढरी माशी. मिरचीवरचीपेक्षा चांगली अडीचपट मोठी, पंखांवर फिकट तपकिरी डाग, आणि स्वभावाने सुस्त. बोट जवळ नेलं तरी लगेच उडत नाही.

अंड्यातून निघालेलं पिल्लू थोडं चालतं, मनाजोगी जागा शोधतं, सोंड रोवतं आणि तिथेच बसतं. पुढच्या सगळ्या अवस्था त्याच एका जागी. अंगावर मेणाचा कापूस वाढत जातो, इतका की आत कीड आहे हे कळत नाही. पुष्कळ जण त्याला बुरशी समजतात आणि बुरशीनाशक मारतात. पैसे वाया, पाती तशीच.

(दृश्य: नकाशा. मध्य अमेरिका, फ्लोरिडा, पोल्लाची, मग पश्चिम किनारा.)

ही इथली नव्हे. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये नारळावर सापडलेल्या नमुन्यांवरून 2004 साली तिचं नामकरण झालं. 2009 मध्ये ती फ्लोरिडात दिसली. आपल्याकडे पहिली ओळख पटली 2016 मध्ये, तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या नारळबागांत, आणि त्याच सुमारास केरळात. तिथून किनाऱ्याने वर सरकत गोवा आणि मग आपलं कोकण. स्वतःच्या पंखांवर ती लांब जात नाही. तिचा लांबचा प्रवास आपल्याच हातांनी होतो. रोपवाटिकेतली रोपं, केळीची पानं, गाडीच्या टपावर बांधलेल्या झावळ्या.

(दृश्य: माडाखालचं अळू. पानं काळी, डांबर ओतल्यासारखी. काकू बोटाने पान पुसतात, बोट काळं होतं.)

काकूंचा पहिला समज असा की चुलीचा धूर बसला. पण चूल तर त्या बाजूला नाहीच. वर बघा. माडावरची माशी रस पिते, त्यातली जास्तीची साखर खाली टाकते. तो चिकटा थेंबाथेंबाने खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. संत्र्याच्या मुलखात हिलाच कोळशी म्हणतात. पान काळं झालं की ऊन पोचत नाही.

(निवेदन थांबतं. काळी केळ, काळा पेरू, काळी जास्वंद. फक्त वाऱ्याचा आवाज.)

झाड रोडावतं, फळ कमी धरतं. आणि कठड्यावरची लहान माशी तर विषाणूही पसरवते. भेंडीचा केवडा, म्हणजे पानं पिवळी पडतात. टोमॅटोचा आणि मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसून मुरडतात. तसं रोप उपटून टाकावं, दुसरा इलाज नाही.

(दृश्य: शेजारच्या परसातली जास्वंद. पानं स्वच्छ दिसतात. कॅमेरा खाली जातो.)

शेजारच्या घरी गेल्या उन्हाळ्यात दुकानातून जालीम औषध आणून मारलं. दोन दिवस झाड स्वच्छ. तीन आठवड्यांत माशी दुपटीने. त्यांना वाटलं औषध भेसळीचं. औषधात काही खोट नव्हती. उडणाऱ्या माशा मेल्या, पण अंडी आणि कापसाखालची कोषावस्था सुटली. आणि आणखी एक कुणीतरी मेलं, ज्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली माडाची पाती. रिकामी टरफलं.)

हे बघा. हा चार दिवसांतला आमचा सगळ्यात मोलाचा तुकडा.

ही कीड बाहेर पडून गेल्यावर उरलेली टरफलं आहेत. डावीकडच्या टरफलाच्या पाठीवर चीर आहे, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी. तिथून पांढरी माशी बाहेर पडली. आता उजवीकडे. इथे चीर नाही. गिरमिटाने पाडावं तसं गोल, गुळगुळीत भोक. इथून माशी निघालेली नाही. इथून निघाली एक गांधीलमाशी.

गांधीलमाशी म्हटलं की आपण दचकतो. ही एक मिलिमीटरपेक्षाही लहान आहे, माणसाला तिचा कसलाच त्रास नाही. नाव ‘एन्कार्सिया ग्वाडेलूपी’. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालते. तिची अळी आत वाढते, पिल्लाला आतून खाते आणि मोठी होऊन पाठ कुरतडून बाहेर येते. 1993 साली केरळात चक्राकार माशीची आणखी एक जात आली होती, तिच्या पाठोपाठ ही गांधीलमाशी आपल्या देशात पोचली. नवी माशी आली तेव्हा तिचा वैरी इथे आधीच घर करून होता. कासरगोडची केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्था म्हणूनच सांगते, माडावर कीटकनाशक मारू नका, हिला जपा.

हे शहाणपण आजचं नाही. 1926 साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरमध्ये एका टोमॅटो पिकवणाऱ्याला पानाखालच्या पांढऱ्या पिल्लांत काही काळी पिल्लं दिसली. त्याने पान फेकलं नाही, चेशंटच्या संशोधन केंद्रावर नेलं. काळ्या पिल्लांतून निघाली याच गांधीलमाशीची बहीण, ‘एन्कार्सिया फॉर्मोसा’. ती वाढवून काचघरांना वाटली जाऊ लागली. पुढे महायुद्धानंतर रासायनिक औषधं आली आणि हे काम मागे पडलं. एका माणसाने पान नीट बघितलं म्हणून एवढं झालं.

(दृश्य: काकूंचं स्वयंपाकघर. निंबोळ्या, खलबत्ता, फडकं.)

मग काकू काय करतात? हातावर हात धरून बसत नाहीत.

कोकणात कडुनिंब फार नाही. या निंबोळ्या काकूंच्या बहिणीने घाटावरून पाठवलेल्या, आषाढात वेचून सावलीत वाळवलेल्या. एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम. खलबत्त्यात जाडसर कांडायच्या, पीठ करायचं नाही. फडक्यात पुरचुंडी बांधून रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी पुरचुंडी पिळत राहायचं, पाणी ताकासारखं होईपर्यंत. बघा, हात कसे चालतायत. मग गाळून त्यात थोडं रिठ्याचं पाणी. रिठा नसेल तर पातळ साबणपाणी, नाहीतर अर्क पानावर ठरत नाही, ओघळून जातो.

फवारा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आणि पिचकारीचं तोंड खालून वर. हे पुन्हा सांगतो, कारण दहातले नऊ जण पानाच्या वरच्या बाजूला फवारतात. कीड खाली बसते. ज्यांना निंबोळ्या मिळत नाहीत त्यांनी कडुनिंबाचं तेल घ्यावं, लिटरला पाच मिली, साबणपाण्यात आधी नीट फेटून. एका फवाऱ्याने भागत नाही. आठवड्याने दुसरा, आणखी आठवड्याने तिसरा, म्हणजे मधल्या काळात अंड्यातून निघालेली पिल्लं सापडतात.

(दृश्य: पाण्याची नळी. केळीच्या पानाखाली जोराचा फवारा. कापूस गळून पडतो.)

त्याआधी मात्र साधं पाणी. कापसाखालच्या किडीपर्यंत अर्क पोचत नाही, म्हणून सकाळी नळीचा जोराचा झोत खालून मारायचा.

काळ्या पानांसाठी काकूंनी मैद्याची खळ केली. लिटरला दहा ग्रॅम, शिजवून, गार करून, अगदी पातळ. फवारली आणि उन्हात वाळू दिली. दुपारी पापुद्रे सुटायला लागले.

(निवेदन थांबतं. खळीचा पापुद्रा काळ्या बुरशीसकट पानावरून निघतो. खाली हिरवं पान.)

पिवळे चिकट सापळे सगळे लावतात, काकूंनीही लावलेत. पिवळा पुठ्ठा, त्यावर एरंडेल, रोपाच्या शेंड्याच्या उंचीला. माशी आली की नाही हे कळायला उत्तम. पण त्याला गांधीलमाशीही चिकटते. म्हणून पानाखाली गोल भोकं दिसू लागली की सापळे उतरवायचे.

शहरातल्या गॅलरीत गोष्ट थोडी सोपी. रोपवाटिकेतून आणलेली नवी कुंडी दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि दर दोन दिवसांनी पानं उलटून बघा. कुंड्या खेटून ठेवू नका, वारा खेळू द्या. युरियाची चिमूट कमी करा, लुसलुशीत पान तिला आवडतं. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर वर चिकटा आहे असं समजा.

(दृश्य: संध्याकाळ. काकू भिंगातून माडाची पाती बघतात, कात्रीने एक तुकडा कापतात.)

या तुकड्यावर गोल भोकं आहेत, आणि न फुटलेली पुष्कळ पिल्लंही. त्यांत गांधीलमाशा वाढतायत. काकू तो शेजारच्या परसात घेऊन निघाल्या आहेत. शेजारणीने मागच्या चार महिन्यांत काही मारलेलं नाही, हे आधी विचारून घेतलंय.

(दृश्य: पेरूची फांदी. पानाखाली पातीचा तुकडा सुतळीने बांधला जातो. शेजारीण फांदी धरून उभी.)

“किती दिवस ठेवू?” शेजारीण विचारते.

“वाळून पडेल तेव्हा पडू दे,” काकू म्हणतात. “तोपर्यंत फवारू नकोस.”

(दृश्य: पातीचा तुकडा जवळून. एक गोल भोक. त्यातून मिशा दिसतात, मग डोकं. निवेदन नाही.)