यंत्राला सुट्टी

नमस्कार श्रोतेहो. आज खंडेनवमी. विळी-कोयत्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलं असेल, एसटीच्या डेपोत गाड्यांना हार चढले असतील. पूजा कशी मांडायची ते मी तुम्हाला सांगायला नको. मला बोलायचंय ते पूजेनंतरच्या तासांबद्दल. खंडेनवमीला यंत्राची पूजा असते, तशी यंत्राला सुट्टीही असते. पूजा आपण धरून ठेवली, सुट्टी तेवढी सोडून दिली.

माझे वडील केजला शिवणकाम करायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अष्टमीच्या रात्री अण्णा मशीन उघडून बसायचे. शटलखाली साचलेला दोऱ्यांचा भुगा काढायचे, तेल सोडायचे आणि चामडी पट्टा चाकावरून उतरवून ठेवायचे. "पट्टा कशाला काढता?" असं विचारलं की म्हणायचे, "त्यालाबी अंग सैल सोडू दे." नवमीला मशीनला झेंडूचा हार, पाटावर कात्री, टेप, खडू, इस्त्री. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

एका नवमीला दिवेलागणीनंतर एक बाई आली. ऊसतोडीला जाणारी. हातात थोरल्या पोराचा सदरा, मागं पदराला धरून धाकटा.

"टेलरभाऊ, परवा पहाटं टोळी निघतीय. उद्या सोनं वाटायला ह्याच्या अंगावर एवढा सदरा पायजे. बारका करून द्या."

अण्णांनी मशीनकडं पाहिलं. आई आतून म्हणाली, "आज नवमी आहे हो." बाईलाही ते ठाऊक होतं. ती काही न बोलता सदऱ्याची घडी घालायला लागली.

तेवढ्यात अण्णांचा हात कॉलरकडं गेला. तिथं नेहमीसारखी एक सुई टोचलेली होती, दोऱ्यासकट. ती पूजेत मांडायची राहून गेली होती.

अण्णांनी तो सदरा हातानं शिवला. दोन्ही कुशी, दोन्ही बाह्या, खालची दुमड. मधेच वीज गेली, म्हणून मी चिमणी धरून बसले. कात्री पाटावर, त्यामुळं अण्णा दोरा दातानं तोडत होते. अकरा वाजून गेले. धाकटा कापडाच्या गठ्ठ्यावर झोपला होता. बाईनं पदराची गाठ सोडली, तर अण्णा म्हणाले, "दुकान बंद हाय माय. बंद दुकानात गल्ला नसतो."

ती गेल्यावर आई म्हणाली, "ही पळवाटच झाली की."

अण्णा म्हणाले, "सुट्टी मशीनला दिलीय. मला कुठं दिलीय?"

यंत्राला सुट्टी, श्रोतेहो, यंत्राला. अडल्या माणसाला नव्हे. आता आपण लॅपटॉपला कुंकू लावतो, त्याचा फोटो काढतो आणि फूल बाजूला सारून त्याच लॅपटॉपवर मीटिंगला बसतो. अर्जुनाचं गांडीव वर्षभर शमीवर स्वस्थ राहिलं. आपला मोबाइल आरतीपुरताही राहत नाही. एक दिवस यंत्र थांबवलं की ते आतून पुसून होतं, कुठला स्क्रू ढिला झालाय ते दिसतं. माझ्या मिक्सरच्या वायरला गेलेला चिरा मला असाच सापडला.

आणि जाता जाता बोलतेच. उद्या बाजारात आपटा म्हणून कांचनाचे फाटे विकायला येतील. आपट्याचं पान लहान आणि जाड, कांचनाचं मोठं. पण आपटा असो की कांचन, सोनं म्हणून एक पान पुरतं. अख्खी फांदी ओरबाडून दाराशी सुकवायची ही कुठली श्रीमंती? असो, ते पुन्हा कधीतरी.

तर आज यंत्राला सुट्टी. मीही ती पाळलीय. हे भाषण मी अष्टमीलाच ध्वनिमुद्रित करून ठेवलंय. तुम्ही हे ऐकताय तेव्हा स्टुडिओतला हा मायक्रोफोन झेंडूचा हार घालून गप्प बसलेला असेल. नमस्कार.