हेड गॅस्केट बदललं. पण काम झालं का?

कुर्ल्याचा सीएसटी रोड. गॅरेजमध्ये पेट्रोल गाडीचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, नुकतंच परत बसलंय. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली फट बंद करणारी पातळ पट्टी म्हणजे हेड गॅस्केट. चावी फिरवली, पहिल्याच फटक्यात इंजिन चालू. पण पैसे द्यायची घाई करू नका. गॅस्केट फुटलेली गाडीसुद्धा बऱ्याचदा अशीच चालू होते. गॅस्केटचा कस लागतो तो दाबाला आणि उष्णतेला.

सुरुवात इंजिन थंड असताना. रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर, म्हणजे दाबाचा काटा असलेला हातपंप, लावायचा. रेडिएटरच्या झाकणावर छापलेला आकडा बघा, 0.9 किंवा 1.1 बार असा काहीतरी. तेवढाच दाब भरायचा आणि 15 मिनिटं काट्यावरून नजर हटवायची नाही. काटा उतरतोय? होस (रबरी नळ्या), क्लिपा, वॉटर पंप हात फिरवून बघा. ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या पायाखालचं मॅटही चाचपा, हीटर गळला की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तिथे उतरतं. सगळं कोरडं असूनही काटा पडत असेल, तर पाणी बहुधा सिलिंडरमध्ये जातंय. मग स्पार्क प्लग काढले की एखादा ओला सापडतो.

मग इंजिन गरम करून कॉम्प्रेशन, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजायचा. सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, बॅटरी भरलेली. चारही सिलिंडरांचे आकडे साधारण 10 टक्क्यांच्या आत हवेत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्रच कमी दाखवत असतील, तर मधल्या अरुंद पट्टीत गॅस्केट धरतच नाहीये. अशा वेळी हेडचा बाक मोजला होता का, बोल्ट नवे होते का, ते ठरलेल्या क्रमाने टॉर्क रेंचने (नेमक्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळले का, हे गॅरेजवाल्याला विचाराच.

कूलंट भरल्यावर सुरुवातीला बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा असते. थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडून हवा निघून गेल्यावरही बुडबुडे थांबत नसतील, तर रेडिएटरच्या तोंडावर ब्लॉक टेस्टचं निळं द्रावण लावा. ते पिवळं पडलं, की कूलंटमध्ये जळका गॅस शिरतोय.

आता रस्ता. एलबीएस मार्गाच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून अर्धा तास. डॅशबोर्डचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम मधोमध ठेवलेला असतो, म्हणून तापमान स्कॅनरवरच, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावरच, बघायचं. एसी बंद केल्यावर ते चढतं, फॅन लागतो, काही अंश उतरतं, फॅन थांबतो. ही लय बिघडता कामा नये. नंतर घोडबंदरकडे, गायमुखच्या चढावर. तिथे जोर लावल्यावर तापमान सरळ वर जात राहिलं, तर गाडी बाजूला घ्या. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, वाफ तोंडावर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चावी न लावता, बॉनेट उघडा. वरचा जाड होस दाबा. रात्रभर थंड झालेला होस मऊ लागला पाहिजे. दगडासारखा कडक लागला, तर आत गॅस कोंडलाय. मग झाकण उघडून पातळी बघा. पहिल्या सकाळी थोडी उतरते, राहिलेली हवा बाहेर पडते म्हणून. भरा आणि पुढच्या तीन सकाळी पुन्हा बघा. डिपस्टिकही, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून तपासा. पावसाळ्यात जवळच्याजवळ फिरणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली नुसत्या ओलीनेही दुधाळ साय धरते, त्याने घाबरू नका. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय; गाडी तिथेच उभी ठेवा आणि गॅरेजला फोन करा.