गुढी उतरवल्यावर

[दृश्य: अंधार पडताना फुटाळा तलाव. काठावर भुट्टेवाल्याची शेगडी.]

2 एप्रिल 2022. पाडव्याचा दिवस. गुढ्या उतरल्या होत्या, गाठीवरून पोरांची भांडणंही मिटली होती. पावणेआठच्या सुमारास नागपूरच्या आभाळातून आगीची एक रांग निघाली. एकामागे एक, जळत, जवळजवळ आडवी. घाई अशी नव्हतीच तिला. लोकांना खिशातून मोबाइल काढून चित्रण करता आलं, एवढी सावकाश.

गच्चीगच्चीवर एकच प्रश्न. काय होय बे ते?

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

या प्रश्नासाठी अमेरिकेच्या हवाई दलानं कधीकाळी वेगळी कचेरी थाटली होती. 24 जून 1947 रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकानं रेनिअर पर्वताजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्याचं सांगितलं आणि ‘उडती तबकडी’ हा शब्द जगभर गेला. त्या कचेरीचं नाव आधी प्रोजेक्ट साइन, मग ग्रज, 1952 पासून ब्लू बुक. 1969 मध्ये हे दप्तर बंद झालं तेव्हा नोंदी होत्या 12,618. त्यांतल्या 701 चा उलगडा झाला नाही.

गप्पांत रंगतात ते हे 701. आम्हाला मात्र उरलेल्या 11,917 नोंदींचं जास्त कौतुक. फुगे, विमानं, उल्का, ग्रह असं एकेक ओळखत कुणीतरी त्या निकाली काढल्या. आपल्याकडे लडाखच्या सीमेवर जवानांना रात्री दिवे दिसत होते. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाहणी केली, तर ते निघाले गुरू आणि शुक्र.

अशा तपासातले प्रश्न अगदी साधे असतात. किती वाजता? कोणत्या दिशेला? किती उंचावर? उंची सांगता येत नसेल तर हात ताठ करून मूठ धरायची. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, किती वेळ दिसलं? उल्का बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. पृथ्वीभोवती फिरणारा रॉकेटचा तुकडा वातावरणात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर, उल्केपेक्षा कमी. तो तिरपा येतो, फुटतो, आणि तुकड्यांची रांग होते.

पाडव्याला दिसली तशी.

[दृश्य: उमरेड, भिवापूर, नागभीड. गाडीच्या काचेतून रस्ता.]

विदर्भाचं नशीब असं, की इथे उत्तर जमिनीवर येऊन पडलं. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात. जवळपास तीन मीटर व्यासाचं, सुमारे 40 किलोचं धातूचं कडं. बैलगाडीचं चाक त्यात सहज मावेल. पुढच्या काही दिवसांत तालुक्यात धातूचे गोळेही सापडले. रॉकेटमध्ये दाबाखालचा वायू भरायला असे गोळे वापरतात. त्यांची बांधणीच इतकी भक्कम, की बाकीचं जळून गेलं तरी ते खाली पोचतात.

कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात ठेवलं गेलं. चोरीचा माल, अपघाताच्या गाड्या ठेवायची सवय असलेल्या ठाण्यात ही नवी आवक. ‘कुठून आले’ या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्नच! इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. रॉकेटांच्या नोंदी ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग जुळवून अंदाज दिला: फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी चांग झेंग 3 बी रॉकेटचा तिसरा टप्पा.

कुणाला इजा झाली नाही. झाली असती तर 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशाकडे मागता आली असती. लाडबोरीच्या कौलांचा हिशेब बीजिंगकडे!

[दृश्य: परतीचा रस्ता, काळोख.]

उमरेडच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. पश्चिमेला एक ठिपका झगझगत होता. टपरीवाल्या काकांनी विचारलं, “हे काय होय जी?” आम्ही काही बोलायच्या आत आमच्या ड्रायव्हरनं हात ताठ केला, मुठीवर मूठ ठेवली.

“दोन मुठी वर हाय काका. हालत नाई. शुक्र असंन.”