सेकंद, म्हणजे नेमका कशाचा दुसरा?

नमस्कार मंडळी! आज एका शब्दावर बोलूया, सेकंद. "एक सेकंद हं" असं आपण दिवसातून कितीदा म्हणतो, आणि तेव्हा घड्याळातला सेकंद कुणाच्याच मनात नसतो, जरा थांब एवढंच म्हणायचं असतं. इंग्रजीतही 'जस्ट अ सेकंड' असंच सैल वापरतात.

पण सेकंड म्हणजे तर दुसरा ना, मग पहिला कुठाय? पहिला म्हणजे मिनिट! लॅटिनमध्ये साठाव्या भागाला म्हणायचे पार्स मिन्यूटा प्रिमा, पहिला बारीक भाग, आणि त्याचे परत साठ केले की पार्स मिन्यूटा सेकुंडा, दुसरा बारीक भाग. एकातून मिनिट उरलं, दुसऱ्यातून सेकंद. ही सगळी भाषा मुळात आकाश मोजणाऱ्यांची, त्यांनी आधी कोनाचे अंश असे फोडले आणि मग तास, म्हणून तर अक्षांश-रेखांश सांगतानाही मिनिटं-सेकंद येतात. साठचा हिशेब बॅबिलोनचा, आणि मला तो फार आवडतो, कारण 60 ला 2, 3, 4, 5, 6 सगळ्यांनी भाग जातो. तिसरा भागसुद्धा होता बरं का, सेकंदाचा साठावा, पण तो मागे पडला आणि आता आपण सरळ मिलिसेकंद म्हणतो.

गंमत बघा, शब्द जुना पण सेकंद नीट मोजता यायला लंबकाचं घड्याळ यावं लागलं, ते डच शास्त्रज्ञ ह्युजेन्सने 1656 मध्ये केलं. पुढे बराच काळ सेकंद म्हणजे दिवसाचा 86,400 वा भाग एवढंच होतं, पण पृथ्वी काही एकसारख्या वेगाने फिरत नाही, म्हणून 1967 मध्ये व्याख्याच बदलली. सीझियम नावाच्या धातूच्या अणूतून येणाऱ्या ठरावीक लहरींची 9,19,26,31,770 आंदोलनं झाली की एक सेकंद. आता अणूचं घड्याळ अचूक आणि पृथ्वी आपल्या चालीने, मग दोघांचा मेळ घालायला 1972 पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालतात, लीप सेकंद. असे 27 झालेत, शेवटचा 31 डिसेंबर 2016 ला, तेव्हा जागतिक वेळेत 23:59:59 नंतर 23:59:60 आलं. कंप्युटरवाल्यांना याचा खूप त्रास होतो, त्यामुळे 2035 पर्यंत ही पद्धत बंद करायची असं 2022 मध्ये ठरलंय, आणि मला तरी ते पटतं.