नवरी कितव्या ओळीत? : पेलेउस आणि थेटिसची वंशावळ

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : फ्लॉरेन्स, राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. काचेआडचा कुंभ, कॅमेरा त्याच्याभोवती सावकाश फिरतो.]

उंची ६६ सेंटिमीटर. इ.स.पू. ५७०च्या सुमाराचं अथेन्सचं काम. घडवला एर्गोतिमोसनं, रंगवला क्लेइतिआसनं. दोघांच्याही सह्या कुंभावर आहेत. वाइनमध्ये पाणी मिसळायचं हे भांडं १८४४-४५ मध्ये इटलीतल्या किउसीजवळ तुकड्यातुकड्यांनी सापडलं. शोधणारा आलेसांद्रो फ्रान्स्वा, म्हणून हा फ्रान्स्वा कुंभ. अंगावर २७० आकृत्या, आणि त्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत शंभराहून जास्त नावं. ग्रीक देवांची वंशावळ मांडायला बसलेल्याला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही, कारण कोण कोण आहे हे इथे चित्रकारानंच सांगून ठेवलंय.

[दृश्य : सर्वांत रुंद पट्टा, जवळून. उजवीकडे घर.]

कुंभाला पूर्ण वळसा घालणारा हा पट्टा पेलेउस आणि थेटिसच्या लग्नाचा. पेलेउस मर्त्य माणूस, थेटिस समुद्रातली देवी. घराचं दार अर्धवट उघडं, आत थेटिस बसलेली, हातानं पदर सारते आहे. दाराबाहेर नवरदेव पेलेउस उभा. डावीकडून देव येतायत, कुणी पायी, कुणी रथातून. या रथात देवांचा राजा झ्यूस आणि त्याची बायको हेरा.

[दृश्य : कोऱ्या कागदावर हात तक्ता काढतो आहे.]

आधी नवरदेवाची बाजू. झ्यूस आणि एजिना यांचा मुलगा आयाकोस. आयाकोस आणि एंडेइस यांचा पेलेउस. म्हणजे रथातून आलेला झ्यूस नवरदेवाचा सख्खा आजोबा. झ्यूसच्या वर क्रोनोस, त्याच्या वर गाइया, म्हणजे पृथ्वी. गाइयापासून खाली मोजत या : क्रोनोस, झ्यूस, आयाकोस, पेलेउस. चौथी ओळ, म्हणजे चौथी पिढी.

आता नवरी. थेटिसचे वडील नेरेउस, गाइया आणि पोंटोस (म्हणजे समुद्र) यांचा मुलगा. गाइया, नेरेउस, थेटिस. दुसरी ओळ! आई डोरिस, तिच्याकडून मोजलं, तर गाइया, ओकेआनोस, डोरिस, थेटिस, तिसरी. चौथ्या ओळीत ती कुठूनच येत नाही.

भिंतीवर लावायचे बहुतेक रंगीत तक्ते इथेच फसतात. नवरा-बायको एका रेघेत दिसावेत म्हणून थेटिसला चौथ्या ओळीत ओढतात. पण नेरेउसला मुली पन्नास. थेटिस खाली आली की बहिणी खाली येतात, आणि त्यांतली अँफिट्रिटी ही पोसेडॉनची बायको. पोसेडॉन समुद्राचा देव, झ्यूसचा भाऊ, दुसऱ्या ओळीतला. मग अँफिट्रिटी नवऱ्याच्या दोन ओळी खाली जाऊन बसते. तिसरी बहीण प्सामाथे, तिला आयाकोसपासून मुलगा झाला. आयाकोस तर पेलेउसचा बाप. एका घरातल्या तीन बहिणी : एक दुसऱ्या ओळीत दिली, एक तिसऱ्या, एक चौथ्या. या तिन्ही जोड्या प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या एकाच काव्यात आहेत, देवांच्या उत्पत्तीच्या. तिथे काही चुकलेलं नाही. देव म्हातारे होत नाहीत एवढंच.

[दृश्य : तक्ता नव्यानं. डावीकडे उभी निळी पट्टी.]

म्हणून पद्धत अशी. ओळी फक्त मर्त्य माणसांच्या. देव डावीकडच्या उभ्या पट्टीत, तिथे पिढीची अट नाही. लग्नाची रेघ तिरकी गेली तर जाऊ द्या. मुलं बापाखाली टांगायची नाहीत, आई-बाप जोडणाऱ्या रेघेखाली टांगायची. झ्यूसच्या बाबतीत तर हा नियम मोडूच नये. आणि झ्यूसची चौकट लागेल तितक्या वेळा पुन्हा काढा. एकाच चौकटीतून सगळ्या रेघा काढल्या, तर कागदावर जाळं उरतं, वाचता काही येत नाही.

एक नेहमीची चूक. डोरिसची आई टेथिस आणि डोरिसची मुलगी थेटिस. आजी आणि नात. घाईत लिहिताना अनेकांनी या दोघींची एक बाई करून टाकली आहे.

[दृश्य : तक्त्यावर एजिनाच्या नावाभोवती वर्तुळ.]

आता एजिना, नवरदेवाची आजी. तिचे वडील आसोपोस, म्हणजे आसोपोस नदीचाच देव. आसोपोस कुणाचा? अपोलोडोरसच्या नावावर असलेला ग्रीक पुराणकथांचा जुना ग्रंथ एका दमात तीन उत्तरं देतो. ओकेआनोस आणि टेथिस यांचा. किंवा पेरो आणि पोसेडॉन यांचा, असं आकुसिलाओस हा जुना ग्रीक लेखक म्हणतो. किंवा झ्यूस आणि युरिनोमी यांचा. पहिलं धरलं, तर आसोपोस डोरिसचा भाऊ ठरतो, आणि नवरी नवऱ्याच्या आजीची आतेबहीण. तिसरं धरलं, तर झ्यूसनं पळवून नेलेली एजिना त्याचीच नात होती.

यातलं एक निवडून बाकीची दोन खोडायचा मोह आवरा. तिन्ही रेघा ठेवायच्या, पण तुटक, आणि प्रत्येकीवर सांगणाऱ्याचं नाव. ठळक रेघ फक्त तिथे, जिथे जुने ग्रंथ एकमेकांशी जुळतात. वरच्या पिढ्यांसाठी हेसिओड वापरा, खालच्यांसाठी अपोलोडोरस. मात्र दोघांना न सांगता एकत्र कालवू नका.

[दृश्य : पुन्हा कुंभ. पेलेउसचा हात हातात घेणारा खेइरॉन.]

पाहुण्यांत सर्वांत पुढे खेइरॉन, अर्धा माणूस, अर्धा घोडा. पेलेउसचा हात त्यानं हातात घेतलाय. पेलेउसची आई एंडेइस कुणाची मुलगी? अपोलोडोरस म्हणतो, स्किरॉनची. लॅटिन लेखक हिगिनस म्हणतो, खेइरॉनची. हिगिनसचं मानलं, तर हा हात आईच्या वडिलांचा आहे. शिवाय खेइरॉन क्रोनोसचा मुलगा, झ्यूसचा सावत्र भाऊ. तेव्हा वडिलांकडूनही नातं लागतंच. क्लेइतिआसच्या मनात यातलं काय होतं हे चित्रावरून ठरत नाही, पण त्यानं खेइरॉनला मागे ठेवलं नाही.

प्सामाथेचा मुलगा फोकोस कुंभावर नाही. पेलेउस आणि तेलामोन यांनी या सावत्र भावाला मारलं, आयाकोसनं दोघांना एजिना बेटावरून हाकललं. तेलामोन अथेन्सजवळच्या सालामिस बेटावर गेला, पेलेउस उत्तरेकडे फ्थियाला.

[दृश्य : कुंभाचा कान. खांद्यावर प्रेत घेतलेला योद्धा. सांधलेल्या भेगा दिसतात.]

या भेगा १९००च्या. संग्रहालयाच्या एका पहारेकऱ्यानं पेटीवर स्टूल फेकून मारलं. कुंभाचे ६३८ तुकडे झाले. १९०२ पर्यंत ते जोडले गेले.

उचलणारा एजॅक्स, तेलामोनचा मुलगा. खांद्यावर अकिलीस, पेलेउस आणि थेटिसचा मुलगा. दोघेही ट्रॉयच्या युद्धातले वीर.

[८ सेकंद निवेदन नाही.]

नेहमीच्या तक्त्यात हे दोघे सख्खे चुलत भाऊ. पण अथेन्सचा लेखक फेरेकिडीस, इ.स.पू. पाचव्या शतकातला, तेलामोनला पेलेउसचा भाऊ मानतच नाही, मित्र मानतो. त्याच्या मते तेलामोनची आई ग्लाउकी, आणि ती सालामिसचा राजा किख्रेउस याची मुलगी. हे पटवलं, तर एजॅक्स परका राहत नाही, सालामिसच्या मातीतला होतो.

[दृश्य : सालामिसचा किनारा, बोटीतून.]

ग्रीक शहरांसाठी वंशावळ हा सातबारा होता. सालामिसवरून अथेन्स आणि शेजारचं शहर मेगारा यांचं भांडण पेटलं, तेव्हा एजॅक्सच्या मुलांनी हे बेट अथेन्सला दिलं होतं असा दावा अथेन्सचा मुत्सद्दी सोलोन यानं मांडल्याचं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. पंच स्पार्टाचे पाच जण. बेट अथेन्सला गेलं.

[दृश्य : पूर्ण तक्ता. तेलामोनच्या डोक्यावर दोन रेघा.]

तेलामोनच्या वर म्हणून दोन रेघा : एक आयाकोसकडे, एक किख्रेउसच्या घराकडे. दुसरी तुटक, फेरेकिडीसचं नाव लिहून.